प्राचीन स्पार्टात रणात मरण आलं की सन्मान ठरलेलाच असे का?
नाही. अरिस्टोडेमस या स्पार्टन योद्ध्याचंच बघा. इ.स.पू. ४८० मध्ये डोळ्यांच्या दुखण्यामुळे तो पर्शियन सैन्याविरुद्धच्या थर्मोपिलीच्या लढाईतून मागे राहिला आणि वाचला. तेच दुखणं असलेला युरिटस मात्र दासाच्या आधाराने रणात जाऊन मेला. मग अरिस्टोडेमसशी स्पार्टात कोणी बोलेना, चुलीला विस्तवही देईना.

पुढच्याच वर्षी प्लाटियाच्या लढाईत तो रांग सोडून शत्रूवर तुटून पडला आणि मारला गेला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या मते सगळ्यांत शूर तोच! पण स्पार्टन लोकांनी त्याला मान दिला नाही, कारण त्याला मरायचंच होतं. त्यांच्या लेखी त्याच लढाईतला दुसरा स्पार्टन, पोसिडोनियस, जास्त शूर, कारण तो मरणाची इच्छा नसताना लढला. हेरोडोटसला या निवाड्यात स्पार्टन लोकांचा मत्सर दिसतो. मला स्पार्टाचा हिशेब पटतो. ढालींच्या रांगेतून एक बाहेर पडला की शेजारचा उघडा पडतो.