जॉर्ज हॅरिस लायबेरियाला का जातो?

प्रश्न : शाळेत असताना ‘अंकल टॉम्स केबिन’चा संक्षिप्त अनुवाद वाचून मी रडले होते. इंग्रजी साहित्य शिकणारी माझी भाची मात्र म्हणते की ही कादंबरी वर्णद्वेषी आहे. गुलामगिरीविरुद्ध लिहिलेले पुस्तक वर्णद्वेषी कसे असेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचे रडणे खोटे नव्हते आणि भाचीचे म्हणणेही खोटे नाही. हॅरिएट बीचर स्टो यांची ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली आणि वर्षभरात अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांच्यात स्टो नक्कीच बसतात. वाद आहे तो बेड्या तुटल्यावर काळ्या माणसांनी राहायचे कुठे, या प्रश्नाला कादंबरी देते त्या उत्तराबद्दल.

कादंबरीतला गुलाम जॉर्ज हॅरिस आठवतो का? बाप गोरा आणि आई गुलाम असलेला हा जॉर्ज इतका उजळ, की पळून जाताना अक्रोडाच्या सालीने कातडी सावळी करून आणि केस काळे रंगवून स्पॅनिश सद्गृहस्थ म्हणून खाणावळीत उतरतो. पिस्तूल उचलण्याचे आणि बाणेदार बोलण्याचे काम लेखिकेने याच्याकडे दिले. कादंबरीचा नायक, काळाकुट्ट गुलाम टॉम दुसऱ्या गुलामावर चाबूक उगारायला नकार देतो, हेही मोठेच धैर्य. पण त्याच्या वाट्याला येते ते मार खाऊन, मारणाऱ्यांना क्षमा करून मरणे. तडफ गोऱ्या रक्ताची आणि सोशिकता काळ्या रक्ताची, ही वाटणी कौतुकाच्या सुरात केलेली असल्यामुळे चटकन खटकत नाही. (आपल्याकडे बायकांना ‘सोशिक’ म्हणतात, तेही कौतुकानेच.)

तुमच्या आवृत्तीत शेवटची प्रकरणे गाळली असतील, तर ती मुळातून वाचा. कॅनडा आणि फ्रान्समध्ये राहून जॉर्ज सहकुटुंब आफ्रिकेतल्या लायबेरियाला निघतो. टॉप्सी ही गुलाम मुलगीही मोठेपणी मिशनरी होऊन आफ्रिकेत जाते. मुक्त झालेल्या काळ्या लोकांना अमेरिकेबाहेर वसवण्यासाठी एका अमेरिकन संस्थेने उभी केलेली लायबेरिया ही वसाहत १८४७ साली स्वतंत्र झाली होती. त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणारी माणसे कादंबरीत कुठेच भेटत नाहीत. जणू ती भूमी ख्रिस्ती धर्माची आणि सुधारणेची वाट पाहत ओस पडली होती. गुलामगिरीतून निसटलेले काळे नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८५३ साली स्टो यांना पत्राने कळवले, की आम्ही येथे आहोत आणि येथेच राहण्याची चिन्हे आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत स्टो यांची सारी भिस्त मातृत्वावर आहे. लेकराला छातीशी धरून, रक्ताळलेल्या पायांनी ओहायो नदीच्या बर्फावरून पळणारी जॉर्जची बायको एलायझा गोऱ्या आयांना आपलीशी वाटावी, अशीच रंगवली आहे. तिच्या शेजारी, स्वतः गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे १८६१ सालचे आत्मकथन ठेवून पाहा. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी जेकब्स यांनी दुसऱ्या गोऱ्या पुरुषाशी संबंध ठेवला, आणि गुलाम स्त्रीला इतर स्त्रियांच्या मापाने मोजू नका, असे वाचकांना बजावले. पुढे आजीच्या घराच्या माळ्यावर, ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि जेमतेम ३ फूट उंच जागेत त्या जवळपास ७ वर्षे लपून राहिल्या. भिंतीला पाडलेल्या भोकातून खाली खेळणारी आपली मुले त्यांना दिसत. ही हकिकत स्टो यांना स्वतःच्या पुस्तकात वापरायची होती. जेकब्स यांनी ती दिली नाही, स्वतःच लिहिली.