नुनावुतमधील इनुइट लोकांच्या गरजा कॅनडाच्या सरकारपुढे कशा मांडल्या जातात?

इनुइट, म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेतील मूळ रहिवासी, आणि कॅनडा सरकार यांच्यातील १९९३ च्या भूहक्क करारानुसार १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. तेथील विधानसभेत राजकीय पक्ष नाहीत. निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच प्रीमियर (प्रदेशाच्या सरकारचा प्रमुख) आणि मंत्री निवडतात. परंतु प्रदेशाच्या तिजोरीतील बहुतांश पैसा केंद्राकडून येतो आणि राजधानी ओटावातील संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सुमारे २० लाख चौरस किलोमीटरच्या या भागाचा खासदार एकच असतो, ज्याला रस्त्यांनी न जोडलेल्या २५ वस्त्यांपर्यंत विमानानेच पोहोचावे लागते. माजी खासदार मुमिलाक काकाक यांनी स्वतः घरांत जाऊन बुरशी आणि दाटीवाटी पाहिली व २०२१ मध्ये त्यावर अहवाल मांडला. माझ्या मते खरे प्रतिनिधित्व ते हेच, कारण त्या घरांची अवस्था राजधानीत बसून कळणे अशक्य होते.