पहिल्याच महिन्याला तीन लाख, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

अहमदपूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी पीसीबी, ७१ टक्के. लातुरात राहून दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. मग लातूरच्याच एका हॉटेलात सेमिनार झाला. दीड वर्षात पायलट होता येतं आणि रुजू होताच महिना तीन लाख सुरू होतात, असं तिथं कळलं. रस्त्याकडेचं चार एकर रान एक व्यापारी ६० लाखांना मागतोय. वडिलांचा हिशेब असा, की नोकरी लागली की दोन वर्षांत जमिनीचे पैसे वसूल आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या मुलीचं लग्न. त्यांचा प्रश्न एवढाच, रान विकावं का?

नमस्कार.

तुमच्या पत्रात रानाचा भाव आहे, विहिरीला पाणी किती ते आहे, व्यापारी कोणाच्या ओळखीचा तेही आहे. मुलाला विमान उडवायचंय का, हे मात्र नाही. ‘त्याची काही हरकत नाही’ एवढं एकच वाक्य त्याच्या वाट्याला आलंय. दोन वर्षं खोली करून, मेसचं खाऊन, दोनदा अपयशाचा निकाल घेऊन घरी आलेला पोरगा बापासमोर हरकत घेईल तरी कशाला? त्याला वाटत असणार की आता बोलायचा हक्कच उरला नाही. गप्प बसण्याला तुम्ही होकार समजताय. नीटही अशीच झाली होती का, हे एकदा त्याला बाहेर नेऊन, चारचौघांत नाही, विचारा.

आणि मुलगी. ती अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९२ टक्के होते, हे तुम्हीच लिहिलंय. पण पत्रात ती दिसते ती थेट लग्नाच्या खर्चात. भावाच्या अजून न आलेल्या पगारावर तिच्या लग्नाचं साल ठरवून मोकळे झालात, हे मला पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त खटकलं. पायलट होण्यात मुलगा-मुलगी असा भेद कुठल्याच नियमात नाही. तिने गणित घेतलंय का?

हे विचारतोय कारण तुमच्या मुलाने घेतलेलं नाही. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. पीसीबीवाल्याला आधी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचं गणित पास करावं लागेल. ही अट काढण्याची चर्चा २०२५ पासून आहे, पण चर्चेवर रान विकायचं नसतं. सेमिनारवाल्याने हे सांगितलं नाही, यातच त्याची किंमत कळते.

आता तीन लाखांचं. सीपीएल मिळालं म्हणजे नोकरी लागली, या समजावर सगळा डोलारा उभा आहे. सीपीएल म्हणजे पाच लेखी विषय, रेडिओचा परवाना आणि २०० तासांचं उड्डाण. त्यातले बहुतेक तास एका इंजिनाच्या छोट्या विमानावरचे. एअरलाइनचं एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चालवायला त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं. वर्ग, सिम्युलेटर आणि शेवटी खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग, याचे १५ ते २० लाख वेगळे, आणि बहुतेक वेळा ते उमेदवाराच्याच खिशातून जातात. कंपनीची लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक म्हणजे मानसिक चाचणी, सिम्युलेटर चेक, मुलाखत हेही आहेच. यातून निवड झाली तरी मुलगा ट्रेनी म्हणून घुसतो. प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून काही महिने प्रवासी विमान उडवतो आणि रिलीज चेक पास झाला की मग खरा फर्स्ट ऑफिसर. तोवर मिळतं ते मानधन, कुठे ५० हजार, कुठे लाखाच्या आसपास. आणि बहुतेक ठिकाणी बाँड, म्हणजे ठरलेली वर्षं कंपनी न सोडण्याचा करार.

रिलीज झाल्यावर पगाराचे दोन भाग असतात, एक ठरलेला आणि एक उडालेल्या तासांचा. ठरावीक तासांच्या भत्त्याची हमी असते, पण ती कुठे ४० तासांची, कुठे ७० ची. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की एकूण आकड्याच्या आधी हमीचे तास वाचायचे. विमानं जमिनीवर उभी राहिली, आजारपण आलं, की त्या महिन्याचा पगार खाली येतो. जास्त उडून भरपाई करू म्हणाल, तर वर्षाला १,००० तासांच्या वर उडायला नियमानेच बंदी आहे. मोठ्या कंपनीत जेट विमानावर नव्या फर्स्ट ऑफिसरचं सगळं धरून, कपातीच्या आधी, महिना दीड ते अडीच लाख धरा. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानावर त्याहून कमी. सेमिनारच्या पडद्यावर झळकणारे सहा-आठ लाख कॅप्टनचे असतात. कॅप्टन व्हायला एटीपीएल हा सीपीएलच्या वरचा परवाना लागतो, त्याला १,५०० तास, आणि कंपनीत जागा निघायला बहुतेकांची पाच-सहा वर्षं जातात.

मधला आकडा घेऊ, महिना दोन लाख, वर्षाला २४. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्यावर २ लाख ९२ हजारांच्या आसपास आयकर. पीएफ वगैरे जाऊन हातात साधारण १ लाख ६५ हजार. राहणं मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूत. भाडं, खाणं, येणं-जाणं नीट काटकसरीने केलं तरी ५० हजार. महिना लाखभर शिल्लक पडले असं उदार मनाने धरू. सीपीएलचे हॉस्टेलसकट ५० ते ६० लाख आणि वर टाइप रेटिंग, म्हणजे ७५ लाख वसूल व्हायला सहा वर्षं. तीही कमाई सुरू झाल्यावर, आणि कमाई सुरू व्हायला आजपासून किमान तीन वर्षं. तुमचा ‘दोन वर्षांत वसूल’ इथं संपतो. शिवाय ६० लाखांत टाइप रेटिंग बसतच नाही. रान गेल्यावर त्यासाठी पुन्हा सावकाराचं दार आलं.

कर्ज का नको, असं कोणी म्हणेल. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याखाली ती त्यांना जप्त करता येत नाही. घर, एनए प्लॉट किंवा ठेव मागतात. आपल्याकडे लोक थेट विकायला निघतात ते त्यामुळे. आणि ७० लाखांचं कर्ज मिळालंच, तर ११ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता ९६ हजार बसतो. ट्रेनीच्या मानधनातून तो निघत नाही.

नोकरीची हमी तर कोणाच्या बापाला देता येत नाही. किंगफिशर ही विमान कंपनी २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दरवेळी हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट रांगेत आले आणि २०० तासवाली पोरं शेवटी सरकली. वाट बघतानाही मीटर चालू असतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना यंत्रं बघून उडवण्याची पात्रता, दरवर्षी नवं करावं लागतं, त्याचे उड्डाणाचे पैसे वेगळे, आणि न उडता बसलं की सिम्युलेटर चेकमध्ये हात जड पडतो.

फ्लाइंग स्कूलबद्दल एवढंच, की ‘दीड वर्षात’ हे कागदावरचं. पावसाळ्यात उड्डाणं थांबतात, विमान दुरुस्तीत असतं, प्रशिक्षक सोडून जातो. दोन-अडीच वर्षं सर्रास लागतात. डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाने, ऑक्टोबर २०२५ पासून स्कूलची श्रेणी लावायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ए श्रेणीत एकही स्कूल नव्हतं. पैसे उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्याने भरा, एकरकमी नाही. तिथं शिकणाऱ्या पोरांना बाहेर चहाला नेऊन विचारा, गेल्या महिन्यात प्रत्येकाचे किती तास झाले. रायबरेलीजवळची इग्रुआ, गोंदियाची एनएफटीआय या फ्लाइंग स्कूलची नावं तुम्ही ऐकली असतील. प्रवेश परीक्षा देऊन बघायला हरकत नाही. तुम्ही ओबीसी किंवा व्हीजेएनटीत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची पायलट प्रशिक्षणाची जाहिरात येते का, यावर लक्ष ठेवा.

मुलाने स्वतःहून, डोळ्यांत बघून, ‘मला हेच करायचंय’ सांगितलं, तर क्रम असा ठेवा. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल, मग क्लास १. खर्च हजारांतला आहे. रंग ओळखण्यात मोठा दोष निघाला तर हा रस्ता तिथंच बंद होऊ शकतो, आणि ते ६० लाखांच्या आधी कळलेलं बरं. त्यासोबत एनआयओएसचं गणित. मग लातूरच्या विभागीय मंडळाकडून बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी, डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, आणि उड्डाणाचा एक रुपयाही न भरता लेखी विषय. पास व्हायला ७० टक्के लागतात आणि एअर नेव्हिगेशनमध्ये चांगली-चांगली अडकतात. हे सगळं दोन-तीन लाखांत होतं. तीन प्रयत्नांत नेव्हिगेशन निघालं नाही तर थांबायचं, हे बापलेकाने आजच ठरवा.

आणि त्याने ‘नको’ म्हटलं, तर पायलटचा विषय संपला. ७१ टक्क्यांवर बीएस्सी, बी. फार्म, नर्सिंग, लॅब टेक्निशियन सगळं उघडं आहे. त्याचं वेगळं पत्र त्याच्या हाताने लिहून पाठवू द्या. तुम्ही त्यात भर घालू नका.

व्यापाऱ्याची इसारपावती केली नसेल तर करू नका. इसार घेतलाच असेल तर कराराची मुदत आणि इसार परत करण्याची अट तालुक्याच्या वकिलाला या आठवड्यातच दाखवा.