साताऱ्यात इतिहास आणि खाद्यपदार्थ यांची ओळख एकाच पायी फेरीत होऊ शकेल का?
होय, त्यासाठी अर्धा दिवस पुरतो. मात्र जाणकार वाटाड्या सोबत असावा, कारण १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झालेल्या या राजधानीतील कोणती पेठ कशी वसली, हे नुसते पाहून कळत नाही. सकाळी लवकर अजिंक्यतारा चढावा, ऊन तापण्याआधी उतरून राजवाडा पाहावा आणि जवळच्या मोती चौकात कंदी पेढ्यासाठी थांबावे. तेथे घाई करू नये. म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईपर्यंत भाजल्यामुळे येणारी खरपूस चव साखर बेताची असल्यानेच जिभेवर नीट उमटते, आणि माझ्या मते ताजा, कोमट पेढा खाल्ल्याशिवाय ही फेरी अपुरीच राहते. खवा भाजताना पाहता येईल का, हे वाटाड्याला आधीच विचारावे.