सांगलीच्या हॉटेलात सही झाली, आज सहावा दिवस: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तासगावला राहणाऱ्या तुमच्या आईबाबांनी सांगलीतल्या एका प्रदर्शनात कूपन भरलं. आठवड्याभरात फोन आला की तुमचा नंबर लागलाय, दोन रात्री फुकट मुक्काम, फक्त रविवारी जोडीनं येऊन भेट घेऊन जा. गेल्या रविवारी ते हॉटेलात गेले आणि चार तासांनी बाहेर पडले तेव्हा २ लाख ४० हजारांच्या, २५ वर्षांच्या हॉलिडे मेंबरशिपवर सही झालेली होती. ५० हजार कार्डावरून गेले, उरलेल्याचे हप्ते बांधले. आता बाबांना झोप नाही, आणि कंपनीचा माणूस फोनवर सांगतोय, "घाई करू नका, पुढच्या आठवड्यात मॅनेजर स्वतः बोलतील."

पुढच्या आठवड्यापर्यंत अजिबात थांबू नका. तो "पुढचा आठवडा" मुद्दाम सांगितलेला असतो. टाइमशेअरसाठी, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी ठराविक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याच्या अशा मेंबरशिपसाठी, आपल्या देशात वेगळा कायदा नाही. युरोपात करार रद्द करायला कायद्यानंच १४ दिवस मिळतात आणि त्या काळात कंपनीला ग्राहकाकडून आगाऊ पैसा घेता येत नाही. आपल्याकडे जे काही दिवस मिळतात ते करारात लिहिलेले असतील तेवढेच. बऱ्याच करारांत ते १० असतात. रविवार पहिला दिवस धरला तर आज शुक्रवारी सहावा झाला, मंगळवारी दहावा. बाबांच्या कागदावर किती दिवस लिहिलेत आणि ते कुठल्या तारखेपासून मोजायचे, हे आज रात्रीच फोटो मागवून बघा. आकडा कुठलाही असो, पत्र उद्या गेलं पाहिजे.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण आमचे १० दिवस असेच गेले. २०१४ सालची गोष्ट. मी तेव्हा सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. दुसऱ्यांचे करार वाचणं हेच माझं रोजचं काम. तरी कोल्हापूर रोडवरच्या एका हॉटेलात मी आणि आमचे हे साडेतीन तास बसलो आणि सही करून उठलो. पुढच्या आठवड्यात शंका आली म्हणून करार मागितला, तर उत्तर आलं, "मूळ प्रत कुरिअरनं येतेय, ती वाचा, मग बोलू." कुरिअर आलं बाविसाव्या दिवशी. आत लिहिलं होतं की रद्द करण्याची मुदत सही केल्याच्या दिवसापासून १० दिवस. जो कागद हातातच नव्हता, त्याची मुदत आमच्यावर चालून गेली होती. भरलेल्या १ लाख ६० हजारांपैकी ९० हजार परत मिळाले, तेही ग्राहक मंचात तक्रार केल्यावर दीड वर्षानं, तडजोडीत.

त्या खोलीत काय होतं ते सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की बाबांवर चिडलात. गोल टेबलं असतात, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक तरुण मुलगा किंवा मुलगी. गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की नवराबायकोला आपसात हळू बोलता येत नाही. पहिला तासभर विकायचं नावही निघत नाही. गाव कुठलं, मुलं काय करतात, शेवटची सहल कधी झाली, वर्षाला फिरण्यावर किती खर्च होतो. आमच्या टेबलावरच्या मुलीनं यांना "काका, काकूंना शेवटचं कधी नेलंत फिरायला?" असं विचारलं, आणि यांची मान खाली गेली ती मला अजून आठवते. कोणी सही केली की माइकवरून नाव पुकारतात, सगळा हॉल टाळ्या वाजवतो. मग कोऱ्या कागदावर पेनानं ४ लाख २० हजार लिहायचे, काट मारायची, "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून जायचं, परत येऊन निम्म्याच्या आसपासचा आकडा लिहायचा आणि खाली "फक्त आज" असं अधोरेखित करायचं. घरी जाऊन विचार करतो म्हटलं की चेहरे पडतात. चार तास पाहुणचार घेतलेला असतो, भीड पडते. आपल्याकडची माणसं भिडेपोटी जामीन राहतात, तिथं सही काय मोठी. बाबा भोळे म्हणून फसलेले नाहीत. चांगल्या माणसाच्या चांगुलपणावरच तो सगळा डाव बसवलेला असतो.

आणि जोडीनंच या असा आग्रह का? एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटू शकतो. दोघं समोर बसली की ती वाट बंद.

शेवटी एक फोन येतो, हेड ऑफिसमधून. सगळं समजावलं का, तोंडी काही कबूल केलेलं नाही ना, खूश आहात ना. बाजूला तो मुलगा मान हलवून "हो म्हणा" सांगत असतो. ते बोलणं रेकॉर्ड होतं आणि पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. करारातही एक कलम सापडेलच: प्रतिनिधीनं तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे "कधीही, कुठेही", "नको असेल तर आम्हीच विकून देऊ", "वर्षाचा देखभाल खर्च वाढणार नाही" हे सगळं त्या एका ओळीनं पुसलं जातं.

आता हिशोब, कारण बाबा अजूनही "सौदा तसा वाईट नव्हता" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. विकणाऱ्यानं दाखवलं असेल: वर्षाला ६ रात्री, २५ वर्षं, म्हणजे १५० रात्री, २ लाख ४० हजार भागिले १५०, रात्रीला १,६०० रुपये. बँकेच्या नजरेनं बघा. तेच २ लाख ४० हजार ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १६,८०० व्याज येतं. तुमच्या करारात वर्षाची देखभाल फी १४,००० आहे, आणि ती न जाता सुद्धा भरायची आहे. दोन्ही मिळून ३०,८००. सहा रात्रींनी भागलं तर रात्रीला ५,१०० च्या वर. जेवण वेगळं, हप्त्यांवरचं व्याज वेगळं, देखभालीची दरवाढ वेगळी. ठेवीतली मुद्दल मात्र २५ वर्षांनी तुमच्या हातात असते, मेंबरशिपची संपलेली असते. आणि रात्री हव्या तेव्हा मिळतात असंही नाही. वर्षाचे आठवडे रंगांत वाटलेले असतात, मे महिना आणि दिवाळी महागड्या रंगात. स्वस्त रंग घेतला तर महाबळेश्वरची खोली मिळते ती भर पावसात.

बाबांना एक साधा प्रश्न विचारा: यातल्या कुठल्या इमारतीच्या सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव लागणार आहे का? नाही. हा वापरण्याचा हक्क आहे, मालमत्ता नाही. "महाबळेश्वरला आमचं नवीन रिसॉर्ट येतंय" असं चित्र दाखवलं असेल, तर महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं बांधकामावर कडक बंधनं आहेत. उभी नसलेली इमारत पैसे देण्याचं कारण होऊ शकत नाही.

उद्या सकाळी काय करायचं ते आता. पत्र बाबांच्याच नावानं आणि सहीनं हवं. मजकूर चार ओळींचा पुरे: "अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या मेंबरशिपवर मी सही केली. करारातील रद्द करण्याच्या तरतुदीनुसार मी ती आज रद्द करत आहे. कोणतीही सुविधा वापरलेली नाही. भरलेली ५०,००० रुपयांची पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी आणि कर्ज किंवा हप्ते रद्द झाल्याचे लेखी कळवावे." कारणं लिहू नका, गाऱ्हाणं मांडू नका, कारण दिलं की ते त्या कारणावर वाद घालतात. करारात दिलेल्या ईमेलवर पाठवा, आणि तेच पत्र कराराच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं, पावती जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर त्या विक्रेत्याला कळवलं म्हणजे झालं असं समजू नका. मिळालेलं गिफ्ट व्हाउचर वापरू नका, एक रात्रसुद्धा नको.

त्याच दिवशी बँकेला वेगळं पत्र. इथं बहुतेक लोक चुकतात. मेंबरशिप एक आणि कर्ज दुसरं. मेंबरशिप रद्द झाली तरी हप्ता आपोआप थांबत नाही, आणि रागानं हप्ता चुकवला तर बाबांचं क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं. कार्ड देणाऱ्या बँकेला लिहा की हा व्यवहार वादातला आहे. हप्ते कुठल्या वित्त कंपनीनं मोबाइलवरून मंजूर केले असतील तर डिजिटल कर्जालाही रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार परत फिरण्याची छोटी मुदत असते, ती त्या कर्जाच्या कागदात शोधा. मुदत गेली असली तरी पत्र द्याच. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही.

कंपनीनं हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याच वेळा तिथूनच प्रकरण हलतं. नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात "वाद फक्त अमुक शहरात" असं छापलेलं असेल, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. बाबा तासगावचे, म्हणजे सांगलीचा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील बंधनकारक नाही, मुदत दोन वर्षांची. लवादाचं कलम (वाद कोर्टाबाहेर नेमलेल्या लवादाकडे न्यायचा ही अट) असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आणि बक्षीस देतो सांगून, ते न देण्याच्या हेतूनं बोलावणं ही कायद्यानंच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून ते कूपन, फोनचा नंबर, काट मारलेला आकड्यांचा कागद, काहीही फेकू नका.

कोणी "खोल्या वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढवून पैसे परत" असं सांगितलं असेल तर प्रकार आणखी गंभीर. सुट्टीच्या नावाखाली ठेवी गोळा केल्या म्हणून सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१६ मध्ये पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीला ७,०३५ कोटी रुपये परत करायचा आदेश दिला होता. गुंतवणूकदार होते ५० लाखांहून जास्त. परताव्याचं आमिष दिसलं की ती सहल राहत नाही.

एक शेवटचा सापळा पुढच्या काही महिन्यांत येईल. असे सदस्य कोण, याच्या याद्या फिरतात. फोन येईल: "तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त ट्रान्सफर फी आणि जीएसटी आधी भरा." माझ्या नणंदेनं असे १८ हजार घालवले, पहिल्या फसवणुकीवर दुसरी. पैसे परत मिळण्यासाठी आधी पैसे भरायला लावणारा प्रत्येक फोन कापा, आणि चुकून भरलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आता तासगावला फोन लावा. आधी बाबांना सांगा की वेळ गेलेली नाही, मग कराराच्या सगळ्या पानांचे फोटो मागवा, मागच्या बाजूचेही. पत्राचा मसुदा इथं टाका, कार्डाचा आणि मेंबरशिपचा नंबर झाकून. मी रात्री अकरापर्यंत जागी आहे, वाचून दुरुस्त करून देते.