भिंतीला आधी हात लाव

पोरी,

मोबाइलवर पाठवलेला तुझ्या चित्राचा फोटो पाहिला. पऱ्हाटीचं वावर, वेचणाऱ्या बाया, रंगही चुकलेले नाहीत. तरी तू विचारतेस, "सर, चित्र मेल्यासारखं का वाटते?" बाजारातल्या गुळगुळीत बोर्डावर तू सगळीकडे सारख्याच जाडीचं ॲक्रिलिक फासलंस, म्हणून. वेचलेला कापूस असो की काळं ढेकूळ, नजर दोन्हींवरून सारखीच घसरते.

तुझ्या आजीला सारवताना बघ. आधी तळहात फिरवून ती भिंत कुठे भुसभुशीत, कुठे निबर ते चाचपते. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. नुसती लिंपली तर उन्हाळ्यातल्या वावरासारखी भेगाळते. म्हणून तिच्यात शेण, भुसा कालवायचा. अजिंठ्याच्या कारागिरांनीही खरबरीत दगडावर चिखलाचा गिलावा दिला तो धानाचा तूस आणि झाडांचे तंतू घालून. वरून चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तिथलं १६ नंबरचं लेणं करवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. तेव्हा अजिंठा लांबचा समजू नकोस.

माझी फजिती ऐक. पंचविशीत मी घरच्या मातीच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोर काढला. आळीभर कौतुक झालं. पावसाळ्यात भिंतीने ओल धरली, आणि त्या पेंटच्या कातड्यातून ती बाहेर पडेना. पोळ्यापर्यंत पिसाऱ्याचे पापुद्रे निघाले. आईने काही न बोलता त्यावरून शेणाचं पोतेरं फिरवलं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ साली. रोलर आणि सुरीने ते तैलरंगाचे थर चढवत, काढत, पुन्हा चढवत. छापील पानावर त्यांची चित्रं रिकामी वाटतात (मलाही वाटली होती, खोटं कशाला बोलू). समोर उभं राहिल्यावर खालच्या थरांतला उजेड वर येताना दिसतो.

आता हे कर. मांजरपाटाचे तीन तुकडे घे. एक कोरा ठेव, दुसऱ्याला तांदळाची घट्ट खळ लाव, तिसऱ्याला पांढऱ्या प्रायमरमध्ये (रंगाआधी देतात ते अस्तर) चिमूटभर चाळलेली रेती घालून दोन हात दे. वाळल्यावर तिन्हींवर एकाच कुंचल्याने एकच काळा रंग ओढ. कोरं कापड रंग पिऊन टाकेल, कडा फुटतील. खळीवर रेघ बरीचशी जागेवर राहील. रेतीवर कुंचला अडखळेल, मधेमधे पांढरे कण उघडे राहतील. मग संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिन्ही धर आणि सांग, वावर कुठलं, कापूस कुठला. घाई नको, दोन-तीन दिवस बघत राहा.

आणि या तुकड्यांचे फोटो पाठवू नकोस. बाजाराला येशील तेव्हा पिशवीत घालून आण. माझ्या चष्म्याचा नंबर तसाही वाढलाय, बोटांनीच बघीन.

तुझे सर