परदेशात राहत्या घरकामाला जाणाऱ्या बाईला काय शिकवून पाठवावं?

तुमच्या नात्यातली एक बाई परदेशात मालकाच्याच घरी राहून घरकाम करायला निघाली आहे, आणि तिथे तिला स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून जाण्याआधी काय शिकवावं, असं तुम्ही विचारलंय. तिथली कामापुरती भाषा आणि घरातली यंत्रं ती दोन-तीन महिन्यांत शिकेल. मी आधी एकच सवय लावीन, रोज वही लिहायची.

राहत्या कामात दिवस कुठे संपतो हेच कळत नाही. हजेरीचं कार्ड नाही, बघायला सहकारी नाही. सहा महिन्यांनी पगारावरून वाजलं की मालक म्हणतो दिला, ही म्हणते नाही दिला, आणि कागद कोणाकडेच नसतो. म्हणून खिशात मावेल अशी वही, आणि झोपण्यापूर्वी तीन ओळी:

'मंगळवार १४. उठले ५.४०. दुपारी अर्धा तास टेकले. भांडी आवरली ११.१०. रात्री २ ला आजींना बाथरूमला नेलं, २० मिनिटं.'

ती रात्रीची नोंदच हमखास राहून जाते. 'त्यात काय, उठले तर उठले' असं वाटतं, पण झोप तिथेच तुटते आणि न मोजलेले तासही तिथेच साचतात. पगाराच्या दिवशी तारीख, रक्कम, रोख की खात्यात, आणि कोणी दिला ते लिहावं. लिहायचं त्याच दिवशी. महिन्याभराचं एका बैठकीत लिहिलेलं पान बघणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग त्याला किंमत उरत नाही. आठवड्यातून एकदा पानांचा फोटो घरी पाठवावा. वही हरवते, कधी कोणी काढूनही घेतं.

आता कागद. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये मंजूर झाला. त्यानुसार देश सोडण्यापूर्वी लेखी करारपत्र किंवा नोकरीचा लेखी प्रस्ताव हातात यायला हवा, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवता यायला हवा, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी हवी आणि त्या सुट्टीत घरातच बसून राहायची सक्ती नसावी. पण ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे. जिथे जायचंय तिथला कायदा निघण्याआधीच विचारून घ्या.

फसवणूक बऱ्याचदा पोचल्यावर होते. इथे सही केलेला करार वेगळा, तिथे समोर येतो तो परक्या भाषेतला वेगळा, पगार कमी. न वाचता सही नको. करावीच लागली तर आधी फोटो, आणि दोन्ही करार जपून ठेवायचे. 'पगार मिळाला' या पावतीवर पैसे मोजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचं पान यांचे फोटो दोन वेगळ्या माणसांकडे असू द्या. वकिलातीचा आणि घरचा नंबर पाठ करून घ्या, कारण फोनच काढून घेतला तर त्यातले नंबर काय कामाचे?

पैशांबाबत मी जरा कडक आहे. सगळा पगार घरी पाठवणारी बाई परत येते तेव्हा तिच्या नावावर काहीच नसतं. तिच्या एकटीच्या नावाचं खातं हवं, आणि ठरलेला वाटा आधी तिथे टाकून मगच उरलेले पाठवायचे. पाठवताना 'शुल्क शून्य' याला भुलू नका, कपात विनिमय दरात लपलेली असते. घरी हातात किती पडतात तेवढंच बघा.

तब्येतीचं: ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही. विषारी वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घातले की घामाने हात कुजत नाहीत. फरशी गुडघ्यांवर बसून पुसायचीच असेल तर खाली जाड घडी घ्यावी. रोज तसं पुसून गुडघ्याच्या वाटीसमोर सूज येते आणि ती चिवट असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकटीने उचलू नये. त्याला कुशीवर वळवून, चादरीच्या आधाराने सरकवावं.

एकटेपणाला गोळी नाही. सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडणं, दोन-चार घरकामगार बायकांशी ओळख करणं आणि तिथे संघटना असेल तर तिचं सदस्य होणं, याने फरक पडतो. पगार बाजारात काय चाललाय हेही तिथेच कळतं.

आणि घर सोडायची वेळ आली तर? काही देशांत व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. न सांगता निघाली की 'पळून गेली' अशी तक्रार होते आणि तिचा मुक्कामच बेकायदा ठरू शकतो. म्हणून आधी वकिलात किंवा संघटनेशी बोलून निघावं. मारहाण किंवा अंगाला हात लावण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर मात्र हे सगळं बाजूला. आधी बाहेर पडायचं, वही घेता आली तर घ्यायची.